पॅकेजमधली पंधरा मिनिटे आणि घरची सहा आठवड्यांची तयारी

वाचकाचे पत्र: "आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. दिवाळीच्या सुटीत आठ दिवस अंदमानला जायचे ठरले आहे. मी, यजमान, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई असे आम्ही पाच जण आहोत. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात एलिफंट बीचवर 'पंधरा मिनिटे स्नॉर्केलिंग, पोहता येण्याची गरज नाही' असे लिहिले आहे आणि मुलांना तेव्हापासून दुसरा विषय उरलेला नाही. यजमान निफाडजवळच्या गावी विहिरीत पोहायला शिकले. मुलगी दोन उन्हाळे तलावावर शिकली आहे, पण तिला चष्मा आहे. मुलाला पाण्यात नुसते खेळता येते. मला अजिबात पोहता येत नाही. लहानपणी नदीवर पाय घसरून मी गटांगळ्या खाल्ल्या होत्या आणि अजूनही डोक्यावरून पाण्याचा तांब्या ओतून घेताना माझा श्वास अडकतो. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमान म्हणतात, लाइफ जॅकेट असते, कशाला एवढा विचार करतेस. मुलांना पाठवावे का, मी उतरावे का, की हा कार्यक्रमच रद्द करावा?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या तांब्याच्या वाक्यापाशी मी थांबले, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथूनच सुरू होतात. गेली अनेक वर्षे मी नाशिकमध्ये मुलांना आणि त्यांच्या आयांना पोहायला शिकवते आहे, आणि पाण्याची भीती म्हणून जे सांगितले जाते ती बहुतेक वेळा श्वास अडकण्याची भीती असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. स्नॉर्केलिंगमध्ये पोहण्याचे काम थोडे आणि श्वासाचे काम फार असते. चेहरा पाण्यात ठेवून पालथे तरंगायचे, नाक मास्कच्या आत बंद राहू द्यायचे आणि तोंडात धरलेल्या नळीतून संथ श्वास घेत राहायचे, एवढीच ती क्रिया आहे. पण तोंडावर पाणी आले की श्वास रोखावा असे शरीराला उपजतच वाटते, आणि इथे नेमका त्याच क्षणी श्वास चालू ठेवायचा असतो. पोहणाऱ्यालाही ही सवय आपोआप लागत नाही. तुमचे यजमान विहिरीत मुटका मारायला शिकले तेव्हा दम कोंडून धरायला शिकले. आता त्यांना त्याच्या उलट शिकावे लागेल. त्यामुळे या एका बाबतीत घरातले सगळे एकाच पायरीवर उभे आहेत असे समजून तयारीला लागा.

कार्यक्रम रद्द करू नका. मात्र ही सवय एलिफंट बीचवरच्या त्या पंधरा मिनिटांत लावून घेण्याचा बेत असेल, तर तो बेत मला मान्य नाही. दिवाळीला अजून सहा-सात आठवडे आहेत. शिकायचे ते सगळे नाशिकमध्ये शिका आणि अंदमानात फक्त मासे बघा.

'पोहता येण्याची गरज नाही' याचा अर्थ काय, तेही समजून घ्या. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, इथल्या जेटीवरून होडीने साधारण वीस मिनिटांत एलिफंट बीचला पोहोचता येते. तिथे पर्यटकाला लाइफ जॅकेट, मास्क आणि नळी देतात, त्याला रबरी रिंगला धरायला सांगतात आणि गाइड ती रिंग ओढत प्रवाळांवरून फिरवून आणतो. त्यामुळे हातपाय मारण्याची खरोखरच गरज पडत नाही, आणि गाइड मंडळींचा पाण्याचा अनुभव दांडगा असतो. पण श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका किनाऱ्यावर माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला तिथल्या माणसाने मोठ्या माणसाचा मास्क लावून दिला होता. कपाळावरच्या केसांच्या दोन बटा मास्कच्या रबराखाली अडकल्या होत्या आणि त्या फटीतून पाणी थेंब थेंब आत येत होते. तिने तक्रार केल्यावर त्याने मागचा पट्टा आणखी आवळला. पट्टा आवळला की रबर दुमडते आणि गळती वाढते, हे मला ठाऊक होते. पण मी तोपर्यंत दुसऱ्या रिंगला धरून पुढे गेले होते. पाणी नाकापर्यंत चढले, तिने नाकाने श्वास ओढला, ठसका लागला आणि पोहण्यात पटाईत असलेली ती मुलगी रडत बाहेर आली. पुढे कित्येक वर्षे तिने मास्कला हात लावला नाही. चूक माझी होती. तिचा मास्क मी स्वतः तपासायला हवा होता आणि तिच्यासोबत राहायला हवे होते.

म्हणून पहिली खरेदी मास्कची, आणि ती माणशी एक. हॉटेल, विमान आणि होडी यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडातली नळी तोंडात धरण्याचा प्रश्नही त्यामुळे मिटतो. पोहण्याचा साधा चष्मा चालणार नाही, कारण त्यात नाक उघडे राहते. नाक झाकणारा, मऊ सिलिकॉनच्या कडेचा आणि कडक केलेल्या काचेचा मास्क घ्या. दुकानातच पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, केस मागे सारायचे आणि नाकाने हलका श्वास आत ओढून धरायचा. हात सोडल्यावरही मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. पडला तर दुसरा बघा. मुलांचे मास्क मुलांच्याच मापाचे हवेत, 'वाढत्या अंगाचे' घेऊ नका. यजमानांना मिश्या असतील तर त्या जागी थोडी गळती होईल. तिथे व्हॅसलीनचे बोट फिरवले की बरेचसे भागते. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो आणि त्यामुळे ती सारखी धुरकट होते. आतून टूथपेस्ट चोळून ती दोन-तीनदा धुवा, आणि प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी लहान बाळांच्या शांपूचा थेंब फिरवून काच विसळून घ्या.

मुलीच्या चष्म्याची काळजी करू नका. पाण्याखाली मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात, त्यामुळे लांबचे कमी दिसणाऱ्याचा नंबर लहान असेल तर साध्या मास्कमध्येही पुष्कळ दिसते. नंबर मोठा असेल तर नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, त्यांची ऑर्डर आताच द्या.

नळीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण घाबरण्याचे एक कारण चक्क त्या नळीतच दडलेले असते. आपण सोडलेल्या श्वासातला शेवटचा भाग नळीतच राहतो आणि पुढच्या श्वासाला तोच आधी आत येतो. संथ आणि खोल श्वास घेतला तर त्यामागून ताजी हवा भरपूर येते. पण घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो, तीच शिळी हवा आतबाहेर होत राहते, धाप लागते, आणि धाप लागली म्हणून तो आणखी भराभर श्वास घेऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा पाण्याला घाबरला. खरे तर त्याला हवा कमी पडत असते. याच कारणाने मुलांना मोठ्यांची लांब, रुंद नळी देऊ नये. लाटेचे पाणी आत शिरू नये अशी झडप वरच्या टोकाला असलेली नळी नवख्यांना सोयीची असते. मात्र दुकानात ती तोंडात धरून जोराने श्वास ओढून पाहा; ओढताना छातीवर जोर पडत असेल तर ती नळी घेऊ नका. सगळा चेहरा झाकणारे जे मोठे मास्क हल्ली मिळतात, त्यात नाकानेही श्वास घेता येतो म्हणून ते सोपे वाटतात. पण आतली हवा नीट खेळती नसेल तर शिळी हवा साठते आणि घाईच्या क्षणी ते चटकन उतरवता येत नाहीत. मुलांसाठी आणि तुमच्यासाठी ते घेऊ नका, असे माझे ठाम मत आहे.

सराव आज संध्याकाळपासून सुरू करा, घरातच. टेबलावर पाण्याने भरलेले मोठे पातेले किंवा टब ठेवा, खुर्चीवर बसा, आणि मास्क न लावता फक्त नळी तोंडात धरून कोरड्या हवेत पाच मिनिटे श्वास घ्या. श्वास आत घेताना मनात चार आकडे मोजा आणि सोडताना सहा. दुसऱ्या दिवशी मास्क लावून तेच करा. तिसऱ्या दिवशी मास्क आणि नळीसह चेहरा टबात टेकवा. दहा श्वास झाले की मान वर. तुमच्या बाबतीत तिसरा दिवस कदाचित दहाव्या दिवशी येईल, येऊ द्या. ज्या दिवशी तुम्हाला मान वर काढण्याची घाई वाटणार नाही, त्या दिवशी तांब्याची भीती अर्धी उतरलेली असेल. हे सगळे मुलांसमोर करा. आई घाबरते आणि तरी पुन्हा चेहरा टेकवते, हे बघण्याने मुलाला जे कळते ते मी तलावाच्या काठावरून ओरडून कधी शिकवू शकलेले नाही.

पुढचे तीन आठवडे तलावावर. त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव असो की तुमच्या भागातला दुसरा एखादा, तिथे आधी भेटून मास्क-नळीचा सराव करू देतील का आणि महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, हे विचारून घ्या. गोदावरीच्या पात्रात किंवा गंगापूर धरणाच्या काठावर हा सराव मुळीच करू नका. तिथला तळ दिसत नाही आणि जवळ जीवरक्षक नसतो. तलावाच्या उथळ भागात, छातीपर्यंतच्या पाण्यात काठाला धरून चेहरा बुडवा, मग पाय सोडून पालथे तरंगा, मग काठ सोडा. पालथे तरंगताना उभे कसे राहायचे ते वेगळे शिकावे लागते: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचे आणि मग पाय टेकवायचे. एवढे जमले की न पोहणाऱ्या माणसाचा धीर कितीतरी वाढतो.

त्यानंतर दोन गोष्टी घटवून घ्या, कारण समुद्रात त्या लागणारच आहेत. नळीत पाणी शिरले तर घाबरून मान वर काढायची नाही, 'फू' करून एकदा जोराने फुंकायचे. पाणी वरच्या टोकातून उडून जाते. मात्र त्यासाठी छातीत थोडी हवा शिल्लक हवी, म्हणून श्वास कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही. मास्कमध्ये पाणी आले तर त्याची वरची कड कपाळावर दाबून धरायची, मान थोडी मागे घ्यायची आणि नाकाने हवा सोडायची. खालच्या कडेतून पाणी निघून जाते. मुलीला हे दोन दिवसांत येईल. मुलगा दहा वेळा चुकेल आणि हसत अकराव्यांदा करील. यजमानांकडून मात्र आग्रहाने करून घ्या. विहिरीत पोहलेल्या माणसाला ही कवायत पोरकट वाटते, आणि त्या दिवशी मुलाची रिंग त्यांच्याच हातात असणार आहे.

आता दिवस कोणता निवडावा याविषयी. कोकणातल्या लोकांना जे पाठ असते ते आपण घाटावरच्या माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावे लागते: अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती फार चढते, ओहोटी फार उतरते आणि मधल्या वेळात पाणी जोराने वाहते; अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि हा चढउतार सर्वांत कमी राहतो. हा नियम चंद्र-सूर्याच्या ओढीचा असल्यामुळे अंदमानातही तोच लागू होतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि उधाणाचा जोर त्यानंतर एक-दोन दिवस, म्हणजे पाडवा-भाऊबीजेला, सर्वांत जास्त असतो. तेव्हा भाऊबीज करून निघालात तर स्नॉर्केलिंगचा दिवस पहिल्या टप्प्यात न ठेवता कार्तिक शुद्ध षष्ठी ते नवमीच्या दरम्यान ठेवायला एजंटला सांगा. फक्त विमानाच्या आदल्या दिवशी तुम्ही श्री विजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, परतलेले असा, कारण हवामान बिघडले की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. अंदमानात समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ असते ते साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही याच दिवसांत येतात. सुट्या बदलता येत नसतील तर निदान एक दिवस मोकळा राखा, आणि स्थानिक गाइड 'आज नको' म्हणाला तर पैसे गेल्याचे दुःख न करता त्याचे ऐका.

वेळ सकाळचीच घ्या. अंदमान आपल्या पूर्वेला पुष्कळ लांब आहे पण घड्याळ आपलेच आहे, म्हणून नोव्हेंबरमध्ये तिथे पहाटे पाचनंतर लवकरच उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी वारा कमी असतो, गर्दी कमी असते आणि गाइडकडे तुमच्यासाठी सवड असते. त्याला दोन गोष्टी आधीच सांगा. आम्हाला पहिली दहा मिनिटे उभे राहता येईल अशा वाळूच्या पाण्यात स्वतःहून सराव करू द्या, आणि पंधरा मिनिटांऐवजी जास्त वेळ लागणार असेल तर त्याचे पैसे आम्ही देऊ. घाई हाच तिथला खरा शत्रू आहे, आणि ती थोडक्या पैशांत टाळता येते.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचेच, मुलीनेही आणि यजमानांनीही; पट्टे सैल ठेवायचे नाहीत. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल असे बघा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून त्याच्या कानापाशी येते. जाड जॅकेट माणसाला पाठीवर वळवायला बघते, त्यामुळे पालथे राहताना सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. त्याचा अनुभव यावा म्हणून शेवटचा एक सराव तलावावर जॅकेट घालूनच करा. मात्र यजमानांचे 'जॅकेट असते' हे म्हणणे अर्धेच खरे आहे. जॅकेट बुडू देत नाही, पण ठसका लागलेल्या मुलाचा श्वास ते सावरू शकत नाही. त्यासाठी हातभर अंतरावर माणूसच लागतो. पाण्यात त्रास झालेला माणूस हाका मारत नाही, तो गप्प होतो. म्हणून जोड्या ठरवा. मुलगा आणि यजमान एका रिंगला, मुलगी गाइडजवळ, आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून एकमेकांना खूण. खूण म्हणून अंगठा वर करू नका. डायव्हिंग करणारे लोक ती 'वर चला' या अर्थाने वापरतात. अंगठा आणि तर्जनी जोडून केलेला गोल म्हणजे सगळे ठीक, आणि हात वर करून हलवणे म्हणजे मदत हवी, एवढ्या दोनच खुणा पुरेत.

मुलाला पाठवावे का, हा तुमचा खरा प्रश्न. माझी अट अशी आहे की तलावावर जॅकेट घालून, मास्क-नळीसह, तो सलग पाच मिनिटे न घाबरता पालथा तरंगला आणि नळीतले पाणी त्याने स्वतः फुंकून काढले, तरच त्याने प्रवाळांवर जावे. तोपर्यंत त्याला कमरेएवढ्या पाण्यात बाबांचा हात धरून मास्कमधून बघू द्या. तिथेही पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे येतात आणि सात वर्षांच्या मुलाला ते पुरतात. तिथले पाणी साधारण अठ्ठावीस अंशांचे, म्हणजे हाताला कोमट लागणारे असते, तरी ते शरीराहून थंडच असते आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. लहान मूल लवकर गारठते. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की बाहेर, मग त्याने कितीही हट्ट केला तरी. वीस मिनिटे झाली की टॉवेलमध्ये गुंडाळा आणि काहीतरी गोड खायला द्या. बोटीच्या प्रवासात उलटी होऊ नये म्हणून गोळी देणार असाल तर डॉक्टरांना विचारून ती एकदा घरी देऊन बघा. काही गोळ्यांनी फार झोप येते, आणि पेंगुळलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये.

सासूबाईंच्या बाबतीत मी सावध राहीन. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी अशी शक्यता मांडली आहे की जड ओढाव्या लागणाऱ्या नळीमुळे आणि श्रमामुळे काही जणांच्या फुप्फुसांत पाणी साचते आणि फारशी धडपड न करता माणूस अचानक निस्त्राण होतो. हृदयाचा त्रास असणाऱ्यांना याचा धोका अधिक. त्यांच्या डॉक्टरांना हे वाक्य वाचून दाखवून विचारा. त्यांनी परवानगी दिली नाही तर शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, इथल्या भरतपूर बीचवर काचेच्या तळाच्या होडीतून त्यांना प्रवाळ आणि मासे साडी न भिजवता पाहता येतील. आणि वयाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, कारण नसताना धाप लागली, पाय जड झाले किंवा खूप थकवा आला तर कोणीही लगेच नळी काढून पाठीवर व्हायचे आणि गाइडला बोलवायचे.

पाण्याखालच्या जगाबद्दल थोडेच सांगते, कारण उरलेले तुम्ही बघालच. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, लाखो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यातले काही प्रकार वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. त्यावर उभे राहिले तर मोडते ते कित्येक वर्षांचे घर, आणि कापतो तो आपला पाय. म्हणून खोल पाण्यात दम लागला तरी पाय खाली टेकवायचे नाहीत, रिंगला धरून विसावायचे. कशालाही हात लावायचा नाही. काळ्या काट्यांच्या समुद्री साळिंदरावर हात पडला तर काटे आत मोडतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा ओळखू येत नाही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा आठवण म्हणून आणू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे. उन्हासाठी लोशनपेक्षा लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे चांगले. पालथे तरंगताना मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या भाजून निघतात आणि ते रात्री कळते. लोशन लावायचेच असेल तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेले घ्या. प्रवाळांना अपाय होतो म्हणून हवाईमध्ये 2021 पासून अशा लोशनांच्या विक्रीवर बंदी आहे. आणखी एक, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ किंवा इशाऱ्याचा फलक असलेल्या किनाऱ्यावर कोणीही उतरू नये. लोक पोहत असतील अशाच जागी, गाइड सांगेल तिथेच उतरा.

उरला तुमचा स्वतःचा प्रश्न. टबातला आणि तलावातला सराव तुम्ही केला असेल तर उतरा, असे मी म्हणेन; पण हे तिथे गेल्यावर ठरवण्याची मोकळीक स्वतःला ठेवा, आणि यजमानांकडून निघण्यापूर्वीच कबूल करून घ्या की तुम्ही 'बाहेर' म्हटल्यावर कोणीही 'अजून थोडे' म्हणणार नाही. हीच मोकळीक दोन्ही मुलांनाही द्या. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे अंग तलावापेक्षा जास्त तरंगते, हे तुम्हाला पहिल्या मिनिटात जाणवेल. कमरेएवढ्या पाण्यात, पायाखाली वाळू आहे याची खात्री करून, यजमानांचा हात धरा, केस मास्कच्या बाहेर आहेत ना ते मुलीला बघायला सांगा, चेहरा टेकवा आणि घरी मोजत होतात तसेच वीस श्वास मोजा. विसावा श्वास झाला की मान वर करून त्यांना सांगा, पुढे जायचे की बाहेर यायचे.